केबिन फिल्टर: निवड आणि बदल

एसी पूर्ण जोरावर असूनही मागच्या सीटपर्यंत गारवा पोहोचेनासा झाला, तेव्हा गॅस कमी झाला असावा असे मी धरून चाललो होतो. ग्लोव्हबॉक्स उतरवून त्यामागचा केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारी जाळी, बाहेर काढला आणि खरे कारण हातात आले. घड्याघड्यांत करडी धूळ दाटून बसली होती, तिच्यात वाळक्या पानांचा चुरा अडकला होता आणि कडेच्या स्पंजच्या पट्टीला बोट लागताच तिचा भुगा होत होता. धूळ ज्या बाजूने साचली होती, त्या बाजूकडेच चौकटीवरच्या, हवेच्या प्रवाहाची दिशा दाखवणाऱ्या बाणाचे टोक होते. म्हणजे मागच्या सर्व्हिसिंगमध्ये तो उलटा बसवला गेला होता. श्वासाशी संबंध असलेल्या भागाबाबतची ही बेफिकिरी मला फार लागली, आणि तेव्हापासून हे काम मी स्वतःच करतो.

साधा फिल्टर न विणलेल्या कृत्रिम धाग्यांच्या कापडाचा असतो. या धाग्यांवर बहुधा स्थिर विद्युतभार दिलेला असतो, त्यामुळे धाग्यांमधल्या फटींपेक्षा बारीक असलेले कणही त्यांना चिकटून राहतात. म्हणूनच फिल्टर धुऊन पुन्हा वापरण्याला माझा ठाम विरोध आहे. पाण्याने कापड स्वच्छ दिसते, पण विद्युतभार उतरतो आणि बारीक धूळ सरळ आत येऊ लागते. कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकल्यास धागे फाटण्याची भीती असते. उत्पादकाने धुता येण्याजोगा म्हणून बनवलेला फिल्टर एवढाच याला अपवाद.

पुढच्या गाड्यांच्या धुराचा वास सतत आत येत असेल, तर सक्रिय कार्बनचा थर असलेला फिल्टर घ्यावा. कार्बनच्या असंख्य सूक्ष्म छिद्रांच्या पृष्ठभागावर वासाचे रेणू धरून ठेवले जातात. मात्र ही क्षमता संपली तरी फिल्टर वरून चांगलाच दिसतो, त्यामुळे तो रंगावरून न पारखता ठरलेल्या मुदतीला बदलावा लागतो. एक गोष्ट मला कळकळीने सांगावीशी वाटते: कार्बन मोनॉक्साइड हा वायू असा फिल्टर अडवत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर बंदिस्त जागेत इंजिन चालू ठेवून कधीही बसू नये.

‘हेपा’ हा शब्द वेष्टनावर दिसला की आपण भुलतो. या दर्जाच्या प्रचलित व्याख्येनुसार ०.३ मायक्रॉनचे किमान ९९.९७ टक्के कण अडायला हवेत, आणि इतके दाट कापड त्यासाठी न बनवलेल्या ब्लोअरला, म्हणजे हवा आत ढकलणाऱ्या पंख्याला, जड जाते. माझ्या मते दर्जाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्व मापाला आहे. चौकट दोन-तीन मिलिमीटरने जरी अपुरी असली, तरी हवा त्या फटीची सोपी वाट धरते आणि उत्तम कापडही निरुपयोगी ठरते. म्हणून मी जुना आणि नवा फिल्टर एकमेकांवर ठेवून लांबी, रुंदी आणि जाडी पडताळतो.

बदलण्याचे काम बहुतेक गाड्यांत पाऊण तासही घेत नाही. फिल्टर सहसा ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो. काही गाड्यांत तो पुढच्या काचेच्या पायथ्याशी, बोनेटखाली असतो. इंजिन आणि ब्लोअर बंद करावा, ग्लोव्हबॉक्स रिकामा करून त्याच्या दोन्ही बाजू आत दाबाव्यात आणि बाजूला दांडी किंवा दोरी असल्यास ती अलगद सोडवावी. जुना फिल्टर आडवा धरूनच ओढावा, नाहीतर साचलेला कचरा घरंगळून ब्लोअरमध्ये पडतो. रिकामी खाच व्हॅक्यूमने साफ करून नवा फिल्टर बाण हवेच्या प्रवाहाच्या दिशेला ठेवून सरकवावा. खाचेवर दिशेची खूण नसेल, तर जुन्या फिल्टरची मळकी बाजू हवा कुठून येते ते सांगतेच.

मुदतीसाठी गाडीची पुस्तिका पाहावी. साधारणपणे १५,००० ते २५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष असा उल्लेख आढळतो. रस्ता धुळीचा असेल, काचेवरचे बाष्प लवकर निवळत नसेल किंवा एसी लावताच कुबट वास येत असेल, तर त्याआधीच उघडून पाहावे. नव्या फिल्टरच्या चौकटीवर मी मार्करने तारीख आणि किलोमीटरचा आकडा लिहितो. सगळे जागेवर बसवल्यावर ब्लोअर एकेका गतीवर चालवून कान देतो. बारीकशी शीळ ऐकू आली तर झाकण नीट बसलेले नसण्याची शक्यता असते, आणि तेवढ्यासाठी मी ग्लोव्हबॉक्स पुन्हा उतरवतो.