हेळसांड की आबाळ?

घरी हेळसांड होते म्हणून ज्यांची केस कोर्टात जाते, त्या मुलांची बाजू मांडायला मी अमेरिकेत, सिअ‍ॅटलमध्ये व्हॉलंटियर झाले. ही पद्धत १९७७ साली इथल्याच एका न्यायाधीशांनी, डेव्हिड सूकप यांनी सुरू केली. मुलांबद्दल पुरेशी माहिती नसताना निकाल द्यावे लागतात, हे त्यांना खुपत होतं.

माझ्या पहिल्या केसमधली आई दारातच म्हणाली, "घरातल्या गोष्टी परक्यांना कशाला सांगू?" मी फ्रिज उघडला. अर्धी बाटली सॉस आणि दूध, बस्स. रिपोर्टात लिहून टाकलं, 'नेग्लेक्ट'. मला शिकवणाऱ्या बाई कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. त्यांनी एवढंच विचारलं, "तिच्या फूड स्टॅम्पच्या कार्डावर पैसे कधी जमा होतात?" (फूड स्टॅम्प म्हणजे गरिबांना खाण्यापिण्यासाठी मिळणारी सरकारी मदत.) मी चौकशी केली. दुसऱ्याच दिवशी होणार होते.

मराठीत 'नेग्लेक्ट'ला दोन शब्द आहेत. हेळसांड कुणीतरी करतं, आबाळ होते. इंग्रजी फॉर्मवर दोन्हींना एकच चौकोन.

आता मी सोशल वर्कर्सना वंशभेदाबद्दल ट्रेनिंग देते. दोन टेबलांवर एकाच घरभेटीची टिपणं ठेवते, फक्त आईचं नाव आणि वस्ती बदलते. दरवेळी नाही, पण बऱ्याचदा एका टेबलावर 'आईला मदत द्या' येतं आणि दुसऱ्यावर 'मुलांना बाहेर काढा'. कागद अदलाबदल केले की खोलीत जी शांतता पसरते तिच्यासाठीच बहुधा मला पगार मिळतो! नुसती गरिबी किंवा दाटीवाटीचं घर म्हणजे मुलाला तातडीचा धोका नव्हे, असं वॉशिंग्टन राज्याच्या २०२१च्या कायद्यात लिहिलंय. तो जुलै २०२३ पासून लागू आहे. पण फॉर्म भरणारे हात तेच. शिवाय १९९७चा केंद्राचा कायदा आहेच: मूल २२ महिन्यांतले १५ महिने फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे सरकारी देखरेखीखाली आईवडिलांपासून दूर, राहिलं, की काही अपवाद सोडले तर राज्याला आईवडिलांचे हक्क संपवण्यासाठी कोर्टात जावंच लागतं. घरासाठी वेटिंग लिस्टवर असलेल्या आईला हे महिने कसे पुरणार?

फेब्रुवारी २०२३ मध्ये सिअ‍ॅटलने जातिभेदावर बंदी घातली. त्यानंतरच्या एका सत्रात एकीने विचारलं, "तुमच्यात काय असतं हे?" तोवर गोरे-काळे यांच्या मधली, तटस्थ म्हणून मी निवांत उभी असायचे. (सोयीची जागा होती ती.) मग आजीच्या घरातला कप सांगितला. भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा, कान तुटलेला, मागच्या खिडकीत पालथा घातलेला. आम्ही मुलं त्याला हात लावत नव्हतो. का, ते कुणी शिकवल्याचं आठवत नाही.

आईला फोनवर हे सांगितलं तर ती दोन दिवस धड बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "घरातल्या गोष्टी परक्यांना कशाला सांगतेस?"