तोरणमाळच्या ओल्या कातळावरचे शिकारी

तोरणमाळला निघाले, शहादा सोडलं आणि सातपायरी घाटात ढगांनी गाठलं. यशवंत तलाव झाला, मच्छिंद्रनाथांची गुहा झाली, सीताखाईला गर्दीने जीव नकोसा झाला. मनात घर केलं ते रस्त्याकडेच्या ओल्या कातळाने.

पातळशा मातीत वीतभर उंचीचा गवती दवबिंदू, म्हणजे किडे खाणारी वनस्पती, उभा होता. दोऱ्यासारखी पानं, त्यांवर लालसर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. मी उकिडवी बसले. एका चिलटाचा पंख थेंबाला लागला. ते जितकं धडपडलं, तितके आणखी थेंब अंगाला चिकटले. मग शेजारचे केस हळूहळू त्याच्यावर झुकले. पावसाने धुतलेल्या मातीत नत्र फारसं नसतं, ते हे झाड असं किड्यातून मिळवतं.

पानं उभी आणि बारीक, म्हणून सापडतात ती उडणारी चिलटं, डास. कोकणातल्या सड्यांवर दवबिंदूची दुसरी जात जमिनीला चिकटून चकतीसारखी पसरते. तिच्या वाट्याला मुंग्यांसारखे सरपटणारे जास्त. तोरणमाळला त्याच वितीत सीतेची आसवं, ही दुसरी किडे खाणारी वनस्पतीही फुलली होती. वर नाजूक जांभळी फुलं, सापळे म्हणजे इवलेसे फुगे, ते मात्र ओल्या मातीत पुरलेले, डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवांसाठी. याच कुळातल्या पाण्यात तरंगणाऱ्या वनस्पती डासांच्या अळ्या धरतात. फुग्याच्या दारावरच्या केसाला धक्का लागला की दार आत उघडतं आणि सेकंदाच्या हजाराव्या भागात पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. कातळावर मात्र हवेतलं दवबिंदूने घ्यायचं, मातीतलं आसवांनी. इतक्या जवळ राहून भांडण नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आणि तेवढ्यात एक गाडी थेट त्या कातळावर चढली. सेल्फीसाठी! मी ओरडले तर उत्तर आलं, "अहो, गवतच आहे ना ते?" चाकाखाली आसवांचा अर्धा पट्टा चिखल झाला. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

शेजारी कणसं भाजणाऱ्या मावशी उठल्या. "ताई, धोंडे लावू या," म्हणाल्या. आम्ही दोघींनी कडेने धोंडे मांडले. कणसाचे पैसे त्यांनी घेतले, मदतीचे घेतले नाहीत.

पावसाळ्यात जाणार असाल तर गाडी डांबरावरच ठेवा हो. आणि ते धोंडे कुणी हलवले असतील, तर परत लावा.