आभार मानताना दुःख दडपू नका

प्रार्थनेत "सगळ्यासाठी आभार" म्हणून मोकळं होता येतं, पण ते मनाला भिडत नाही. आभार नेमके हवेत. "ताप उतरला, बहीण रात्रभर उशाशी बसून कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती" असं लिहिलं की कुणी काय दिलं ते डोळ्यांपुढे उभं राहतं. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ यांच्या 2003 च्या अभ्यासात एका गटाने 10 आठवडे, आठवड्यातून एकदा, आभार मानावेत अशा जास्तीत जास्त 5 गोष्टी लिहिल्या. कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा तो गट आयुष्याबद्दल अधिक समाधानी होता. रोजचा अट्टहास केला तर यादी पाठ होते आणि नुसता हात चालत राहतो.

श्रद्धेमुळे आभारांना पत्ता मिळतो. श्वासाचे, पावसाचे आभार एरवी कुणाला म्हणायचे?

पण हीच श्रद्धा उलटतेही. "देव मला शिक्षा करतोय" हा विचार घर करून बसतो, तिथे नैराश्यही जास्त आढळतं. मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गामेंट यांनी यावर बरंच काम केलंय. अशा माणसाला "कृतज्ञ राहा" म्हणणं क्रूर आहे. आधी त्याला देवाशी भांडू द्या, रडू द्या. दोन आठवडे झोप, भूक, उमेद हरवलेली असेल तर डॉक्टरांकडे न्या. औषधं चालू असताना प्रार्थना थांबवावी लागत नाही.