समरकंदच्या वाटेवरचा एक जून

उझबेकिस्तानचा व्हिसा आम्हाला चार दिवसांत घरबसल्या मिळाला. ताश्कंदचं विमान वेळेवर सुटलं. खिवाच्या हॉटेलवाल्याने फोटोत दाखवली होती तीच खोली दिली. एवढं सगळं सुरळीत झालं, तरी या सहलीचं नाव काढलं की मला आधी आठवते ती एका लोखंडी कपाटाची किल्ली. ती मुख्याध्यापकांच्या खिशात होती आणि मुख्याध्यापक प्रशिक्षणाला गेले होते.

मी साताऱ्यात पंचवीस वर्षं इतिहास शिकवला. गच्चीवर वाळवण घालायला गेलं की समोर अजिंक्यतारा. औरंगजेब स्वतः पायथ्याशी तळ देऊन बसला, त्याने लावलेले सुरुंग त्याच्याच माणसांवर उलटले, शेवटी १७०० च्या एप्रिलमध्ये किल्ला घेऊन त्याने ‘आझमतारा’ नाव ठेवलं, हे मी दरवर्षी सांगायचे. एका वर्षी नववीतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, पण हे लोक मुळात कुठले?” फरगाणा, समरकंद, बाबर, तैमूर असं फळ्यावर लिहिलं आणि खडू ठेवला. पुढे सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. ते तेव्हापासून डोक्यात होतं. निवृत्तीनंतर ह्यांना म्हटलं, युरोप नको, सिंगापूर नको, तिकडे जाऊ.

तिसऱ्या आमच्या वन्सं, सांगलीच्या. एकोणसत्तर वर्षांच्या, गुडघे माझ्यापेक्षा बरे. “मी आले तर चालेल का गं?” असं विचारायची त्यांची रीत म्हणजे पिशवी भरून झालेली असते.

नोव्हेंबरात बेत आखला तो असा. ताश्कंदला उतरायचं, तिथून देशातल्या देशात विमानाने उरगेंचला जायचं, तिथून टॅक्सीने जवळच खिवा. मग परत येत येत बुखारा, समरकंद, ताश्कंद. हा क्रम मला आजही पटतो. खिवा सगळ्यात लांब पश्चिमेला. ते आधी उरकलं की पुढे प्रत्येक मुक्कामाला आपण परतीच्या विमानाच्या जवळ सरकत राहतो. तिन्ही गावं आपापल्या काळच्या राजधान्या. खिवाला खान, बुखाऱ्याला अमीर, समरकंद तैमूरचं. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. छत्रपतींचा सातारा आणि पटवर्धनांची सांगली रेल्वेने दोन-तीन तासांवर, पण दरबार, मान आणि रुसवेफुगवे वेगवेगळे.

ह्यांचे आणि माझे पासपोर्ट होते. वन्संचा नव्हता. मला वाटलं, महिनाभराचं काम.

चूक माझीच झाली, हे आधीच कबूल करते. ऑनलाइन अर्ज भरला, साठीपुढच्यांना फीमध्ये दहा टक्के सवलत आहे ती घेतली, अपॉइंटमेंट मिळाली. जन्मतारखेच्या पुराव्यासाठी आधार कार्ड चालतं हे मी वाचलं होतं. पण मास्तरकीची सवय, पुरावा जितका जास्त तितका बरा. म्हणून वन्संच्या ट्रंकेतला शाळा सोडल्याचा जुना दाखलाही फाइलला लावला. चार घड्या पडलेला, कडा पिवळ्या झालेल्या. मला तर तो कागद बघूनच आनंद झाला होता.

खिडकीवरच्या मुलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले. आधारवर शालिनी, जन्म १ जानेवारी १९५६. दाखल्यावर शालन, जन्म १ जून १९५६. “काकू, ह्या दोघी कोण?” त्याने विचारलं. वन्सं म्हणाल्या, “दोन्ही मीच.” त्याने मान डोलावली आणि अर्ज बाजूला ठेवला. “दोन्हीकडं एकच नाव, एकच तारीख करून आणा.”

आपल्याकडे एक जूनला किती लोक जन्मले याची गंमत सगळ्यांना माहीत आहे. जूनमध्ये शाळा सुरू, पोरगं दारात उभं, आईबापाला तारीख ठाऊक नाही, मग गुरुजी लिहिणार १ जून. आधारच्या वेळी वन्संनी नुसतं साल सांगितलं, म्हणून तिथे पडली १ जानेवारी. खरी तारीख दोन्हींपैकी एकही नाही. आमच्या थोरल्या आत्यासासूबाई सांगायच्या, शालनचा जन्म नागपंचमीच्या आदल्या दिवशी, झोके बांधायची गडबड चालू होती तेव्हाचा. नागपंचमी ना जानेवारीत येते ना एक जूनला. पण हे कुठल्या खिडकीवर सांगणार?

तिथून जे सुरू झालं ते अडीच महिने चाललं. आधार केंद्रात गेलो, तारीख बदलून १ जून करा म्हटलं. ते म्हणाले, दाखल्यावरचं नाव आधारशी जुळत नाही, आधी दाखल्यावर शालिनी करून आणा. शाळेचं नाव सांगत नाही, कारण त्या बिचाऱ्यांची बाजूही नंतर कळली. पहिल्या खेपेला मुख्याध्यापक प्रशिक्षणाला आणि किल्ली त्यांच्याबरोबर. दुसऱ्या खेपेला मुख्याध्यापक होते, पण मध्ये शाळेची नवी इमारत झाली तेव्हा जुनी रजिस्टरं ‘कुठेतरी सुरक्षित’ ठेवली होती. तिसऱ्या खेपेला शिपायाने जिन्याखालच्या खोलीतून जनरल रजिस्टर काढलं, फडक्याने झटकलं आणि टेबलावर ठेवलं. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर खुर्ची मिळाली, चहा मिळाला. काम होईना.

ते रजिस्टर मी कधी विसरणार नाही. बोरूसारखं वळणदार अक्षर, निळीची शाई. वन्संच्या पानावर सव्वीस नावं, त्यातल्या एकोणीस जणांचा जन्म एक जूनचा. आणि सातव्या ओळीत स्वच्छ ‘शालन’. मुख्याध्यापक शांतपणे म्हणाले, “मॅडम, तुम्ही स्वतः नोकरी केलीय. शाळा सोडलेल्या मुलाच्या नोंदीत मी खाडाखोड केली तर माझं काय होईल?” बरोबर होतं त्यांचं. मीही केली नसती. तरीही परतीच्या एसटीत मी कोरेगाव येईपर्यंत कुणाशी बोलले नाही.

म्हणजे पासपोर्टवाले म्हणतात आधार बदला, आधारवाले म्हणतात दाखला बदला, शाळा म्हणते दाखला बदलता येत नाही. कुणी सांगितलं राजपत्रात नाव बदलाची जाहिरात द्या. कुणी म्हणालं प्रतिज्ञापत्र करा. वन्सं एका दुपारी फोनवर म्हणाल्या, “तुम्ही दोघं जाऊन या गं. मला फोटो दाखवा.” तेव्हा मात्र मला इतकी चीड आली की मी त्याच रात्री त्याच अर्जावर दुसरी अपॉइंटमेंट घेतली. हातात नवा कागद एकही नव्हता. भांडायला निघाले होते.

भांडावं लागलंच नाही. या वेळी आतल्या टेबलावर एक वयस्क बाई होत्या. त्यांनी फाइल चाळली, दाखला उचलला आणि विचारलं, “हा कशाला लावलाय?”

“जन्मतारखेचा पुरावा म्हणून.”

“आधारवर पूर्ण तारीख आहे की. एक पुरावा पुरतो.” त्यांनी दाखला काढून वन्संच्या हातात ठेवला. “हा घरी ठेवा, जपून.”

चार मिनिटं लागली असतील. बाहेर पायरीवर बसून वन्सं हसत सुटल्या आणि मला रडू आलं. तेव्हा एवढंच सांगते, यादीत जितकं मागितलंय तितकंच द्या, एक कागद जास्त नाही. आधारवर पूर्ण तारीख होती म्हणून आमचं निभावलं. पोलीस पडताळणी आठवड्यात झाली, पासपोर्ट पोस्टाने आला, त्यात मला काही आठवण्यासारखं नाही.

आठवण्यासारखं आहे ते त्या उशिराचं फळ. उझबेकिस्तानात ‘अफ्रासियाब’ नावाची वेगवान रेल्वे आहे, ताश्कंद ते समरकंद सव्वादोन तासांच्या आसपास. तिची तिकिटं काही आठवडे आधी खुली होतात आणि वसंतात बघता बघता संपतात. तिकिटाला प्रत्येकाचा पासपोर्ट नंबर लागतो. वन्संचा नंबर हातात आला तेव्हा आमच्या तारखांना गाडी भरलेली. शेवटी बुखारा ते समरकंद आणि पुढे ताश्कंद साध्या गाडीने गेलो. वन्संना तीच आवडली. समोरच्या बाईने त्यांना नान दिला, त्यांनी तिला सांगलीचं भडंग दिलं, भाषा एकीची दुसरीला येत नव्हती आणि गप्पा थांबत नव्हत्या. तिथे नान उलटा ठेवत नाहीत हे त्या बाईनेच खुणेने शिकवलं.

व्हिसाचं सांगायचं राहिलं. सरकारी संकेतस्थळावरच अर्ज करा, आम्हाला माणशी वीस डॉलर पडले. माझं सहकारी बँकेचं कार्ड परदेशी व्यवहाराला चालेना, भाच्याच्या कार्डाने भरले. निघण्याआधी एखादं कार्ड परदेशासाठी सुरू करून घ्या. रुपयाला शंभराच्या वर सोम, म्हणजे तिथलं चलन, मिळतात. पहिल्या दिवशी चहाचं बिल हजारांत बघून हे घाबरले होते.

गावांबद्दल थोडं. खिवाचा इचान कला म्हणजे मातीच्या तटाच्या आत अख्खं गाव. तिथला काल्ता मिनार १८५५ मध्ये खान मारला गेल्यावर अर्धाच राहिला, निळ्याहिरव्या फरशांचा जाडजूड बुंधा. जुमा मशिदीत कोरीव लाकडी खांब दोनशेच्या वर. मी मोजायला लागले आणि चुकले. खिवा ते बुखारा किझिलकुमच्या वाळवंटातून साडेचारशे किलोमीटर, गाडीने दिवस जातो. पाणी आणि खाणं बरोबर ठेवा, आमची शेंगदाण्याची चटणी तिथेच संपली. बुखाऱ्याला ११२७ चा कल्याण मिनार आणि अमिरांचा ‘अर्क’ नावाचा किल्ला. शेवटचा अमीर १९२० मध्ये तिथून पळाला. संध्याकाळी ल्याबी हौजाच्या काठी बसा. तीन रात्री द्यायला हव्या होत्या, आम्ही दोन दिल्या.

समरकंदला रेगिस्तान नावाच्या चौकात तीन मदरशांसमोर सगळेच उभे राहतात, आम्हीही राहिलो. माझा जीव अडकला तो उलुगबेगच्या वेधशाळेत. तैमूरचा हा नातू, राजा असून खगोलशास्त्रज्ञ. १४२० च्या दशकात वेधशाळा बांधली, हजारावर ताऱ्यांची यादी केली, वर्षाची लांबी सेकंदांपर्यंत काढली. टेकडीत खोदलेला त्याच्या यंत्राचा दगडी कमानीचा तुकडा अजून आहे. वन्सं वाकून बघत होत्या. मी म्हटलं, ह्याला वर्षातला सेकंद ठाऊक होता आणि आपल्याला तुमची तारीख सापडेना. त्या म्हणाल्या, “त्याला शाळेत घातलं नसेल.”

गूर-ए-अमीरला तैमूरच्या थडग्यावर काळपट हिरव्या दगडाची शिळा आहे. मार्गदर्शक मुलाने इंग्रजीत सांगितलं, तैमूरचा जन्म १३३६ च्या एप्रिलमधला, ९ तारखेचा. काही इतिहासकारांना ही तारीख मागाहून सोयीने ठरवलेली वाटते, हे मी वाचलं होतं. ते ह्यांच्या कानात सांगितलं, ह्यांनी वन्संना सांगितलं, आणि त्या शांत घुमटाखाली वन्संना हसू आवरेना. पहारेकरी बघायला लागला. आम्ही बाहेर आलो.

हो, हॉटेलं प्रत्येक मुक्कामाची नोंदणी करून चिठ्ठी देतात, ती पासपोर्टात जपून ठेवा. आमच्याकडे कुणी मागितल्या नाहीत, पण मी सगळ्या क्रमाने लावून ठेवल्या होत्या. ताश्कंदला एक दिवस हातात असेल तर शास्त्रीजींचा पुतळा बघा. ११ जानेवारी १९६६ ला ते त्याच गावी वारले. वन्संना तो दिवस आठवत होता, रेडिओवर ऐकलेलं. मग त्या स्वतःशीच म्हणाल्या, तेव्हा मी नऊ वर्षांची होते की दहा?

दाखला त्यांनी परत मागितला नाही. तो माझ्याच कपाटात आहे, चिठ्ठ्यांच्या पाकिटात.