सर्व्हर चालला, पण सरांचा पासवर्ड चालेना

आमच्या संस्थेतली सगळी लॉगिन ज्या एका मशीनवर अवलंबून होती, ते मशीन सेंटओएस ७ या लिनक्सवर चालायचं. ३० जून २०२४ ला सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला. तरी पुढे कित्येक महिने आमचं मशीन तसंच सुरू राहिलं, कारण चालत्या गाड्याला खीळ घालायची कुणाची तयारी नव्हती. उत्तरायण होऊन गेल्यावर त्याच्या डिस्कने रोज एरर द्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. शुक्रवारी संध्याकाळी लॅब बंद झाल्यापासून सोमवारी सकाळी ती उघडेपर्यंत नवा सर्व्हर उभा करायचा. खाती ६४०. लॅबमधली लिनक्स मशीनं, मेल आणि वायफाय या सगळ्यांना प्रत्येकाचा एकच पासवर्ड, आणि तो तपासणारा ओपनएलडॅप, म्हणजे खात्यांच्या नोंदी ठेवणारा डिरेक्टरी सर्व्हर.

हा सर्व्हर दहा वर्षांपूर्वी ज्यांनी बसवला ते आता निवृत्त होऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात राहतात. आम्ही सगळे त्यांना काकाच म्हणतो. मी नोकरीला लागले तेव्हा डिरेक्टरी म्हणजे काय हे त्यांनी मला मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीवरून समजावलं होतं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्याला बोलावून ग्रंथालयांची घडी बसवली. काका म्हणाले होते, "लायब्ररीतले कार्डांचे खण बघ. कार्ड लिहिलं जातं एकदा आणि पाहिलं जातं हजारदा. एलडॅप नेमका याच कामासाठी बांधलाय. वाचायला वेगवान, लिहायला बेताचा." इतकं नेमकं मला नंतर कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही.

नव्या मशीनवर रॉकी लिनक्स ८ होतं, रेड हॅटच्याच लिनक्सवरून बनलेलं. रेड हॅटने आठव्या आवृत्तीपासून ओपनएलडॅपचा सर्व्हर वगळला, फक्त क्लायंट ठेवला. तिथला क्लायंटही २.४ चाच. मला २.६ हवा होता, म्हणून सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडपासून, बांधायचं ठरवलं.

खरं तर शुक्रवारची रात्र मी भलत्याच वाटेने घालवली. जुना डेटा एचडीबी बॅकएंडमध्ये, म्हणजे साठवणीच्या त्या जुन्या प्रकारात होता आणि त्याला खाली बर्कली डीबी हा डेटाबेस लागतो. जुनीच २.४ आवृत्ती नव्या मशीनवर बांधली तर डेटा आहे तसा उचलता येईल, असा माझा हिशोब. बर्कली डीबीची सहावी आवृत्ती उतरवली, बांधली, आणि ओपनएलडॅपच्या कॉन्फिगरने, म्हणजे बांधण्याआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टने, सरळ नकार दिला. लायसन्स जुळत नाही म्हणे. मला आधी वाटलं काहीतरी चुकीचं वाचतेय. पण खरोखरच तसं आहे. ओरॅकलने २०१३ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून बर्कली डीबीचं लायसन्स बदलून एजीपीएल केलं, आणि ओपनएलडॅपच्या लोकांनी ती आवृत्ती स्वीकारायचीच नाही असं कॉन्फिगरमध्ये लिहून ठेवलं. रात्री साडेदहाला काकांना फोन केला.

"अगं, तो रस्ता कधीच बंद झालाय," ते म्हणाले. "२.५ पासून बीडीबी, एचडीबी दोन्ही काढून टाकले. आता एमडीबी. तू फायली उचलू नकोस, स्लॅपकॅटने एलडीआयएफ काढ आणि नव्यात ओत."

एलडीआयएफ म्हणजे साधी मजकुराची फाइल, प्रत्येक खात्याची नोंद ओळीओळीने. ती काढायला मिनिटभरही लागलं नाही. तीन तास वाया गेले होते.

शनिवारी सकाळी २.६ चं सोर्स उघडलं. कॉन्फिगर पहिल्यांदा अडलं ते 'एलटीडीएल डॉट एच सापडत नाही' म्हणून. मॉड्यूल सुरू ठेवले की ही हेडर फाइल लागते. मी पॅकेज तपासलं, तर लिबटूलची एलटीडीएल लायब्ररी मशीनवर आधीच होती. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो, म्हणून जरा थांबून सांगते. चालणाऱ्या प्रोग्रॅमला लायब्ररी पुरते. बांधताना मात्र त्या लायब्ररीत काय काय आहे हे सांगणाऱ्या हेडर फायली लागतात, आणि रेड हॅटच्या कुळात त्या नावाच्या शेवटी 'डेव्हल' असलेल्या वेगळ्या पॅकेजात असतात. लिबटूल-एलटीडीएल-डेव्हल, ओपनएसएसएल-डेव्हल, सायरस-एसएएसएल-डेव्हल, ही तिन्ही एकदमच टाका. आणि पडद्यावरची शेवटची ओळ वाचून अंदाज बांधत बसू नका. त्याच फोल्डरमधली कॉन्फिग डॉट लॉग उघडा आणि 'फेटल एरर' शोधा. कॉन्फिगर दर वेळी एक छोटा सी प्रोग्रॅम लिहून तो बांधून पाहतं. तो कुठे पडला ते तिथे शब्दशः लिहिलेलं असतं.

मग मेक, म्हणजे प्रत्यक्ष बांधणारी कमांड, शेवटाकडे येऊन पुन्हा अडलं. 'सोएलिम: कमांड नॉट फाउंड.' सर्व्हर बांधून झाला होता, मॅन पानं, म्हणजे कमांडची मदत-पानं, तयार होत होती, आणि त्यांना ग्रॉफमधलं हे छोटं साधन लागतं. ग्रॉफ टाकलं, मेक पुढे गेलं.

मेक टेस्ट मी कधीच टाळत नाही. त्या रविवारी सकाळी टेस्ट सुरू करून मी सेव-उसळ खायला बाहेर पडले, परत आले तरी टेस्ट चालूच होत्या. एकेक टेस्ट खराखुरा सर्व्हर उठवते, त्यात डेटा भरते, शोधते, बंद करते. सगळ्या पास झाल्यावर मेक इन्स्टॉल.

मग डेटा भरणं. स्लॅपअ‍ॅड शे-दोनशे नोंदी घेऊन थांबला, 'एमडीबी मॅप फुल', उणे ३०७९२. डिस्कवर शंभर जीबी मोकळी होती. एमडीबी, म्हणजे हॉवर्ड चू यांनी लिहिलेला एलएमडीबी, संपूर्ण डेटाबेस मेमरीत मॅप करतो आणि तो कुठवर वाढू द्यायचा हे आधी सांगावं लागतं. काहीच सांगितलं नाही तर मर्यादा १० एमबी. आमच्या नोंदींत कर्मचाऱ्यांचे फोटोही होते, त्यामुळे ती लगेच भरली. मॅक्ससाइझ एक जीबी केला. ही जागा लगेच अडवली जात नाही, तेव्हा सढळ हाताने द्यावी. शिवाय स्लॅपअ‍ॅड मी रूट म्हणून चालवला होता, म्हणून डेटाच्या फायली रूटच्या नावावर झाल्या आणि एलडॅप या युजरने चालणाऱ्या सर्व्हरला त्या उघडता येईनात. मालकी बदलली आणि सर्व्हर उठला.

रविवारी रात्री नऊला स्लॅपपासडब्ल्यूडीने नवा पासवर्ड करून एक चाचणी खातं बनवलं. लॉगिन झालं. माझं स्वतःचं झालं. लॅबमधल्या दोन विद्यार्थ्यांना फोन करून वायफाय लावून बघायला सांगितलं, त्यांचंही झालं. मी निर्धास्त घरी गेले.

सोमवारी सकाळी ऑफिसमधून पहिली तक्रार आली. "बेन, पासवर्ड नथी लेतो." मग स्टोअरमधून. मग ग्रंथपाल बाई. दहा वाजेपर्यंत अकरा जण झाले. विद्यार्थ्यांपैकी एकाचीही तक्रार नव्हती. आणि मी, सांगायला वाईट वाटतं, असंच धरून चालले की ही वयाने मोठी मंडळी आहेत, घाईत काहीतरी चुकीचं टाइप करत असतील. दोघांना मी तसं बोलूनही दाखवलं. मग फिजिक्सचे सर स्वतः खाली आले, माझ्या समोर बसले, एकेक अक्षर सावकाश टाइप केलं. नाही चाललं. "दहा वर्षं हाच पासवर्ड आहे ग," एवढंच म्हणाले.

लॉगमध्ये त्यांच्या प्रयत्नाची ओळ होती: बाइंड, आणि निकाल एरर ४९. ४९ म्हणजे चुकीचं नाव किंवा पासवर्ड. याहून जास्त सर्व्हर सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. खरं कारण सांगितलं तर ते आत घुसू पाहणाऱ्यालाही कळेल.

पण सरांचं वाक्य डोक्यात राहिलं. दहा वर्षं. विद्यार्थ्यांची खाती तर फार तर चार वर्षांची. मी एलडीआयएफ उघडली आणि सरांची नोंद एका विद्यार्थ्याच्या नोंदीशेजारी ठेवली. युजरपासवर्ड या नावापुढे दोन अपूर्णविराम होते. एक असता तर मजकूर उघड असता. दोन म्हणजे पुढचा मजकूर बेस६४ मध्ये गुंडाळलेला. विद्यार्थ्याचा मजकूर सुरू होत होता ई आणि एक या अक्षर-अंकाने. सरांचा, ई आणि शून्याने. मी फाइल खालपर्यंत सरकवत नेली. ई-एक, ई-एक, ई-शून्य, ई-एक. तक्रार आलेली अकराच्या अकरा खाती ई-शून्य होती. दोन्ही उलगडून पाहिले. विद्यार्थ्याच्या सुरुवातीला कंसात एसएसएचए, म्हणजे पासवर्डचा हॅश (त्याचं परत न उलगडणारं रूप) करायची एक पद्धत. सरांच्या कंसात क्रिप्ट, ही दुसरी पद्धत, आणि त्यापुढे डॉलर सहा डॉलर.

काकांना फोन लावला.

"हो तर," ते म्हणाले. "२०१५ ला सर्व्हर बसवला तेव्हा सगळ्यांची खाती जुन्या लिनक्स मशीनच्या शॅडो फाइलमधून, म्हणजे लिनक्स पासवर्डचे हॅश ठेवतं तिथून, जशीच्या तशी उचलली होती. लोकांना पासवर्ड बदलायला लावायचं नव्हतं. ज्यांनी नंतर बदलला त्यांचा एसएसएचए झाला. ज्यांनी नाही, त्यांचा क्रिप्टच. तू बांधताना क्रिप्ट चालू केलंस ना?"

नव्हतं केलं. ओपनएलडॅपच्या कॉन्फिगरमध्ये --एनेबल-क्रिप्ट हा पर्याय मुळात बंद असतो. सेंटओएसच्या पॅकेजात तो चालू केलेला होता, म्हणून दहा वर्षांत कुणाला त्याची आठवण व्हायचं कारणच पडलं नाही. तो बंद असला की सर्व्हरला 'क्रिप्ट' ही खूण ओळखता येत नाही. मग तो टाइप केलेला पासवर्ड ताडून न बघताच नाकारतो.  कॉन्फिगर तक्रार करत नाही, मेक करत नाही, टेस्ट पास होतात, स्लॅपअ‍ॅड प्रत्येक नोंद निमूट आत घेतो. माझं चाचणी खातं तर स्लॅपपासडब्ल्यूडीने बनवलेलं, म्हणजे न सांगता एसएसएचए. ते पडणं शक्यच नव्हतं.

हे तपासायला एक ओळ पुरते हे मला तेव्हा माहीत असतं तर! स्लॅपपासडब्ल्यूडीला उणे एच देऊन कंसातलं क्रिप्ट मागा. तो पासवर्ड विचारतो, आणि क्रिप्ट बांधलेलं नसेल तर त्यानंतर सांगतो की ही स्कीम ओळखीची नाही. बांधलेलं असेल तर हॅश काढून देतो.

सोर्स नव्या फोल्डरमध्ये पुन्हा उघडलं, या वेळी कॉन्फिगरला --एनेबल-क्रिप्ट दिलं, मेक डिपेंड, मेक, आणि वेळ नव्हता तरी पासवर्डच्या टेस्ट पाहून मेक इन्स्टॉल. डेटाला हात लावायची गरज नव्हती, हॅश आत होतेच. पावणेबाराला सर्व्हर नव्याने सुरू केला. आधी सरांकडे गेले. ते वर्गावर निघाले होते, उभ्या उभ्या लॉगिन केलं आणि मेल उघडली. ज्या दोघांना मी टायपिंगबद्दल बोलले होते, त्यांच्या टेबलापाशी जाऊन माफी मागितली.

क्रिप्टची खाती मोजली तर १७१ निघाली. तेव्हापासून कुणी पासवर्ड बदलला की आकडा एकाने उतरतो, आज तो ५८ वर आहे. तो शून्यावर येईपर्यंत --एनेबल-क्रिप्ट राहणार. कॉन्फिगरची ती पूर्ण ओळ, प्रत्येक पर्याय कशासाठी आहे यासकट, मी सोर्सच्या फोल्डरमध्येच लिहून ठेवली आहे आणि एक छापील प्रत काकांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली आणि पेनने एकच भर घातली: क्रिप्टपुढे, '२०१५, शॅडोमधून'.