पहिल्या भेटीचा कागद

जुलै, सोमवार रात्र

कोल्हापुरात समुपदेशनाच्या खोलीत पहिला प्रश्न बहुतेक वेळा समोरूनच येतो. "मॅडम, तुमचं गाव कुठलं? आडनाव काय म्हणालात?" स्वतःबद्दल काहीच बोलू नये असं काही जण शिकवतात. मला ते पटत नाही. घरातलं इथं बोललं तर पै-पावण्यांत पोचेल का, एवढंच माणूस चाचपत असतो. करवीर, कागल, पन्हाळा, कुठूनही आला तरी दोन घरं ओलांडली की सोयरीक लागते. म्हणून गाव, शिक्षण, कामाची पद्धत आणि फी सांगावी. पाठोपाठ गुप्ततेचंही सांगावं: इथलं बोलणं बाहेर जाणार नाही, फक्त कुणाच्या जिवाला धोका दिसला तर घरच्यांपैकी एकाला कळवावं लागेल, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच. स्वतःचं लग्न, आजारपण, श्रद्धा सांगायला जाऊ नये. ते ऐकून समोरचा आपलं ओझं हलकं करून सांगायला लागतो.

पण पार्श्वभूमीचा खरा धोका दुसरीकडे आहे. ती आपल्या प्रश्नांत शिरते. नोकरदार घरात वाढलेल्या समुपदेशकाला "ऊसबिल जमा झालं का?" हे विचारायचं सुचत नाही, आणि नवऱ्याची चिडचिड नेमकी त्या बिलाशी बांधलेली असते. शेतकरी घरातल्याला शिरोलीच्या फौंड्रीतली पाळी दर आठवड्याला बदलते हे विचारायचं सुचत नाही. म्हणून पहिल्या भेटीला छापील कागद हवा, आणि कितीही अनुभव झाला तरी तो पूर्ण भरावा. दीड तास लागतो. लागू द्यावा.

कागदावर आधी शरीर. किती वाजता पडता, झोप किती वेळात लागते, मध्ये जाग किती वेळा येते, दुपारी झोपता का. चहा किती आणि शेवटचा कितीला. संध्याकाळी सहाच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असू शकतं. तंबाखू आणि मिश्रीही विचारावी, बायकांना तर आवर्जून, कारण त्या आपणहून सांगत नाहीत. दारूनं झोप लवकर लागते पण पहाटेपूर्वीच मोडते, आणि "पहाटे विचार येतात" ही तक्रार तिथून सुरू झालेली असू शकते. चालू गोळ्यांची पिशवीच मागवावी. थायरॉइड वाढलं की छातीत धडधड आणि घाबरेपणा येतो, कमी झालं की मरगळ. हिमोग्लोबिन किंवा बी-12 कमी असेल तरी माणूस खचल्यासारखा वागतो. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत बी-12 घटू शकतं. घरच्या डॉक्टरांकडून या तपासण्या होईपर्यंत "विचार बदला" असं सांगणं मला अन्यायाचं वाटतं.

सर्वांगीण उपचार म्हणून हल्ली प्राणायाम सरसकट दिला जातो. घाबरलेल्या माणसाला "जोरात श्वास घ्या" सांगितलं तर रक्तातला कार्बन डायऑक्साइड आणखी उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. चार आकड्यांत हळू आत, सहा आकड्यांत बाहेर, पाच मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि सराव बरं वाटत असताना करायचा. ज्याच्यावर मोठा आघात झालाय त्याला डोळे मिटायला लावू नये. तळवे जमिनीला, नजर समोर.

खचलेल्या माणसाला "रोज रंकाळ्याला फेरी मारा" हेही असंच. ते त्याला जमत नाही, आणि न जमल्याची शरम वर चढते. पहिल्या आठवड्यात ठरलेल्या वेळी चप्पल घालून गल्लीच्या टोकापर्यंत, बस. इच्छा झाल्यावर नव्हे, घड्याळ बघून. इच्छा मागाहून येते.

घरचे सोबत येतातच. पहिली दहा मिनिटं सगळ्यांना बसवावं, मग एकट्याशी बोलावं. सुनेला एकटीला वेळ मिळाला नाही तर पुढचं सगळं वरवरचं राहतं. जोतिबाला नवस, देवऋषी, अंगात येणं हे उपहास न करता विचारावं: कुठं गेला होता, त्यांनी काय सांगितलं, काय बरं वाटलं? गोळ्या बंद करायला लावल्या किंवा मारहाण झाली असेल, तर मात्र तिथं स्पष्ट अडवावं.

या दिवसांत कागदावर पाण्याचा प्रश्न वाढवते. 2019 आणि 2021 चा पूर पाहिलेल्या घरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी 39 फुटांच्या इशाऱ्याकडे सरकली की झोप उडते. मोबाइलवर दर तासाला आकडा बघणाऱ्याला "बघू नका" म्हणून उपयोग नसतो, कारण धोका खरा आहे. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघायचं ठरवावं. कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत, जनावरं कुठं न्यायची ते गाव पक्कं, 43 फुटांच्या धोका पातळीच्या किती आधी निघायचं ते घरात ठरलेलं. निम्मी भीती या तयारीनं उतरते. उरलेल्या निम्म्यावर आपण बसून काम करायचं.

शेवटचा रकाना मरणाच्या विचारांचा. थेट विचारावं, विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. उत्तर "हो" असेल तर पुढे: कसं ठरवलंय, साधन घरात आहे का? आपल्याकडे ते बहुतेकदा गोठ्यात किंवा माळ्यावर ठेवलेलं शेतीचं औषध असतं. ते त्याच दिवशी घराबाहेर काढायला लावावं, माणसाला एकटं सोडू नये आणि मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावं. गोळ्या लिहिणं समुपदेशकाचं काम नाही. त्यांचा परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि बरं वाटलं म्हणून मनानं बंद करायच्या नसतात, हे घरच्यांना दोनदा सांगावं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक भेटीच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहून द्यावा. तो दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.