तू जेवून घे आधी

परवा दुपारी एका रेस्टॉरंटमध्ये एकटीच जेवायला बसले होते. सूप नुकतंच आलं होतं, वाफा निघत होत्या, आणि माझ्या खुर्चीच्या पायाशी काहीतरी टणकन पडलं. चमचा. शेजारच्या टेबलाशी उंच खुर्चीत दहा-अकरा महिन्यांचं बाळ बसलं होतं. हात अजून तसाच हवेत, बोटं उघडी आणि नजर माझ्यावर. बघू या ही बाई काय करते, अशी.

मी उचलून दिला. त्याची आई ओशाळं हसली, चमचा पुसून बाळाच्या हातात दिला. बाळाने पाडला.

मला मोजायची खोड आहे. जिना चढताना पायऱ्या, वाट बघताना फरशा. त्यामुळे पुढच्या पंधरा मिनिटांत तो चमचा नऊ वेळा पडला हे मी छातीठोकपणे सांगू शकते. सहा वेळा बापाने उचलला, दोनदा वेटरने, एकदा मी.

पकडणं बाळाला जन्मतःच येतं. तळहातावर बोट ठेवा, मूठ मिटलीच. मुद्दाम सोडणं मात्र त्याला बऱ्याच उशिरा, नऊ-दहा महिन्यांच्या सुमाराला जमायला लागतं. नवी विद्या हाती आली की कोण गप्प बसतं? ज्याँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्याच तीन मुलांच्या असल्या उद्योगांच्या बारीक नोंदी करून ठेवल्या आहेत. त्यातला धाकटा लोराँ दहा महिन्यांचा असताना सेल्युलॉइडचा हंस, डबी, जे हाताला येईल ते हात लांब करून सोडून द्यायचा. कधी हात सरळ, कधी तिरका, आणि पडणाऱ्या वस्तूकडे टक लावून बघायचा. हे शास्त्र झालं. तो हंस दर वेळी उचलून कोण देत होतं, हे मात्र मला राहून राहून विचारावंसं वाटतं.

माझा मुलगा एवढा होता तेव्हा बाहेर जेवायला जाणं म्हणजे मोहीमच असायची. झोप झालेली हवी, पण उठून फार वेळ झालेला नको. जागा कोपऱ्यातली, तरी स्वयंपाकघराच्या दारापासून लांब. बसल्या बसल्या सुरी, काचेचा ग्लास, मिठाची बाटली पलीकडे सरकवायची. आणि बाळाचा हात आपल्या अंदाजापेक्षा चार बोटं लांब असतो, हे दर वेळी नव्याने कळायचं. मेन्यूकार्ड उघडतच नव्हतो. वेटरला पहिला प्रश्न एकच, "लवकर काय येईल?" वर्षाच्या आत मध नाही, वरून मीठ नाही, द्राक्ष असेल तर उभे चार तुकडे करून. म्हणजे त्याचं खाणं घरूनच न्यायचं. तो घरचं केळं केसांना लावायचा आणि आम्ही काय मागवलं होतं ते आम्हाला आठवत नसायचं.

त्या उंच खुर्चीचा पट्टाही हमखास तुटलेला. पीटर ऑप्सविक या नॉर्वेच्या माणसाने १९७२ साली मुलाला मोठ्यांच्याच टेबलाशी, त्यांच्या उंचीवर बसवणारी आणि त्याच्याबरोबर वाढणारी खुर्ची केली. थोर माणूस. माझ्या वाट्याला नेहमी आली ती मात्र एका बाजूला डुगडुगणारी, आधीच्या बाळाचं जेवण फटीत सांभाळून ठेवलेली.

रेस्टॉरंट हा शब्द म्हणे एका सूपवरून आला. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये थकल्याभागल्यांना तरतरी आणणारं कढण विकत, ते 'रेस्टॉरंट'. मग ते जिथे मिळे त्या जागेलाही तेच नाव पडलं. तरतरी! आम्ही तिथून घरी आलो की भूक लागलेली असायची.

आणि ते वाक्य. शेजारच्या टेबलावर ते आलंच. "तू जेवून घे आधी." बाळ असलेल्या जोडप्यांचं जेवण पाळीपाळीनेच होतं.

आमच्या घरी हे वाक्य बाबांचं होतं. मी सहा-सात वर्षांची, भाऊ तान्हा. बाहेर जेवायला गेलं की भाऊ रडायला लागे आणि बाबा त्याला उचलून बाहेर जात. मी काचेच्या बाजूला बसायचे. पलीकडे बाबा त्याला खांद्यावर थोपटत, जाणाऱ्या गाड्या दाखवत उभे. इकडे त्यांच्या ताटावर आईने दुसरं ताट पालथं घातलेलं. मला घास जायचा नाही. मी त्या ताटाकडे बघायचे, मग काचेकडे. बाबांना गरम जेवताना मी कधी पाहिलेलंच नाही, असं माझ्या मनाने पक्कं धरलं होतं.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या वाढदिवसाला मी हे सगळं सांगितलं. आवाज भरून आला होता, आईने डोळ्याला पदर लावला. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छे गं. मला बाहेरच बरं वाटायचं. आत तुझे काका सुरू असायचे. एकदोनदा तर हा रडतही नव्हता."

भाऊ हसला. आईने पदर खाली घेतला आणि बाबांकडे जे बघितलं, त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही म्हणतात.

तर शेजारचं बाळ कुरकुरलं. रडलं म्हणता येणार नाही. पण बाप ताडकन उठला. "तू जेवून घे आधी, मी आणतो याला फिरवून." मी काचेतून पाहिलं. बाळ खांद्यावर गप्प, त्याला एक कुत्रा दिसला होता. बापाच्या ओठांचा चंबू झाला होता, शीळ घालत असावा. आत त्या मुलीने दोन घास भराभर घेतले, मग तिचाही वेग उतरला. तिने खुर्चीला पाठ टेकली, पाण्याचा घोट घेतला आणि खिडकीकडे पाठ येईल अशी जरा वळून बसली.

माझं सूप गार झालं होतं. तसंच प्यायले. चमचा दहाव्यांदा पडून माझ्या टेबलाखाली आला होता, तो कोणीच उचलला नाही.